कड्या उघड्या ठेवा, गाळे भरा: बोळावरच्या माडीची जमीन खालून कशी झाकावी

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जुनं घर आहे. गल्लीतून मागच्या अंगणात जाणारा बोळ घराच्या दोन भिंतींमधून जातो आणि त्या बोळावर माडीची दहा बाय बाराची एक खोली आहे. खोलीची जमीन सागाच्या फळ्यांची, बोळातून वर पाहिलं की कड्या, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडं, आणि फळ्या सरळ दिसतात. पौषात त्या जमिनीवर पाय ठेववत नाही, वैशाखात खोली तापते, आणि बाराही महिने फटींतून धूळ व मोटारसायकलींचा धूर वर येतो. वडील आता त्याच खोलीत झोपतात म्हणून गेल्या वर्षी एसी बसवला, पण खोली लवकर गार होत नाही. मिस्त्री म्हणतो, खालून थर्माकोल भरतो, वर पीव्हीसी पॅनेल मारतो, एका दिवसात काम संपेल. तर करावं का?

तसं करू नका. जमीन खालून झाकायला हवी हे खरं, पण कड्या झाकायच्या नाहीत. दोन कड्यांमधला गाळा भरायचा आणि कडीचा तळ व बाजूचा खालचा इंच-दीड इंच उघडा ठेवायचा. सातपुड्याचा साग असो की आणखी कुठला, जुनं लाकूड इतकी वर्षं टिकलं ते खालून सतत वारा लागतो म्हणून. वरून कधी बादली लवंडली, कधी कूलरची टाकी गळली, तरी ते पाणी आठवड्याभरात सुकून जायचं. सपाट पॅनेल मारलं की ते सुकणं बंद होतं आणि आत काय चाललंय ते दिसणंही बंद होतं.

आता अपेक्षा किती ठेवायची ते आधी सांगतो, नाहीतर खर्च करून नाराज व्हाल.

इंचभर जाडीची सागाची फळी उष्णता बरीच आत सोडते. ढोबळ हिशेबाने, आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला सव्वातीन वॉटच्या आसपास. तुमची खोली 11 चौरस मीटरची. मे महिन्यात बोळात 42 अंश आणि एसीमुळे खोलीत 28, म्हणजे 14 अंशांचा फरक. गुणाकार केला तर जमिनीतून साधारण 500 वॉट उष्णता वर येते. एक टनाचा एसी 3500 वॉट उष्णता बाहेर काढतो, त्याचा सातवा भाग असा नुसता जमिनीवर जातो. गाळे नीट भरले की हे 500 वॉट शंभराच्या आसपास येतात. फटींतून येणारा गरम वारा यात धरलेला नाही, तो बंद झाल्याचा फायदा वेगळा.

पण खोलीवर पत्रे असतील तर भर दुपारी तेवढ्याच क्षेत्रातून दीड हजार वॉटपेक्षा कमी येत नाही. बोळ दिवसभर सावलीत असतो आणि पत्रा उन्हात, साधी गोष्ट आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2018 मध्ये घरांसाठी जी इको-निवास संहिता काढली, तिच्यात छतासाठी हा आकडा, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे किती वॉट, 1.2 च्या वर जाऊ नये असं आहे. उघड्या पत्र्याचा तो पाचच्या जवळ जातो. त्यामुळे पत्र्याखाली काही केलेलं नसेल आणि पैसे एकाच कामापुरते असतील, तर उन्हाळ्यासाठी आधी छत करा, जमीन नंतर. धाबं असेल तर गोष्ट वेगळी. मातीचा जाड थर दुपारचं ऊन रात्रीपर्यंत अडवून धरतो, मग जमिनीकडे वळायला हरकत नाही. थंडीसाठी, धुळीसाठी आणि धुरासाठी मात्र जमिनीचंच काम करावं लागेल, तिथे छताचा उपयोग नाही.

झाकण्याआधी लाकूड तपासा. हे काम सुतारावर टाकून मोकळे होऊ नका, स्वतः शिडीवर चढा. हातोडीच्या दांड्याने प्रत्येक कडी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं भद्द वाजतं. मग टोकदार पेचकस घ्या आणि कडी भिंतीत जिथे शिरते तिथे दाबा. मधला भाग सहसा शाबूत असतो. सडतं ते टोक, कारण पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीतली ओल ते वर्षानुवर्षं पीत असतं. पारोळ्याच्या एका घरात बाहेरून गुळगुळीत, काळंभोर, अगदी ठणठणीत दिसणाऱ्या कडीच्या टोकात पेचकस मुठीपर्यंत आत गेला होता. आत फक्त उधईची माती होती, लाकडाची नुसती साल उरली होती. त्याच घरात पॅनेल मारायची तयारी पूर्ण झाली होती, फ्रेमचे पाइपसुद्धा येऊन पडले होते.

लाकडावर बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा असेल तर तो भुंगेरा. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढलेल्या असतील तर उधई. दोघांचा इलाज वेगळा. भुंगेऱ्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं द्रावण उघड्या लाकडाला ब्रशने दोन-तीन हात द्यायचं. ऑइल पेंटवर ते मुरत नाही, आधी रंग खरवडावा लागतो. उधई जमिनीतून येते, म्हणून नुसत्या कड्या रंगवून ती जात नाही. भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून औषध सोडावं लागतं. वापरातल्या इमारतींसाठी त्याची पद्धत आयएस 6313 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिली आहे, कीटकनाशकवाल्याला तसं काम करतोस का म्हणून विचारा. 

बाकही मोजून घ्या. कडीच्या तळाशी दोन भिंतींमध्ये दोरी ताणा आणि मध्यभागी दोरीपासून कडी किती खाली आली ते बघा. दहा फुटांच्या कडीला अर्धा इंच बाक चालतो. त्याहून जास्त असेल तर लगेच घाबरू नका, जुनं लाकूड भाराखाली हळूहळू वाकतंच. पण चालताना जमीन हलत असेल, किंवा एकच कडी शेजारच्या कड्यांपेक्षा जास्त झुकली असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. सडलेल्या टोकाशेजारी नवी कडी बोल्टने आवळता येते, किंवा भिंतीलगत लोखंडी चॅनेल आडवा देऊन टोकांना आधार देता येतो. हे सगळं गाळे भरण्याच्या आधीचं काम आहे.

मोरी त्या खोलीत असेल, किंवा मोरीचा पाइप फळ्यांखालून जात असेल, तर ती गळती पूर्ण थांबल्याशिवाय पुढे जाऊच नका. एक अख्खा पावसाळा थांबावं लागलं तरी थांबा.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते माघापर्यंत. मे महिन्यात खान्देशातलं लाकूड इतकं सुकतं की फटी सर्वांत रुंद झालेल्या असतात. तेव्हा कडक मसाल्याने त्या ठासून भरल्या तर श्रावणात फळ्या फुगून एकमेकींना रेटतात. श्रावणात भरल्या तर मे महिन्यात पुन्हा उजेड दिसतो. मधला काळ धरला की लाकूड मधल्या अवस्थेत असतं. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर पाहा. 15 टक्क्यांच्या आत आकडा हवा, 20 च्या वर बुरशी धरायला सुरुवात होते. चिमणीचं घरटं असेल आणि त्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत तो गाळा सोडून द्या. पारव्यांची विष्ठा मात्र कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, तोंडाला चांगला मास्क बांधून काढा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

मग पहिलं खरं काम म्हणजे वारा अडवणं. सगळे हे काम घाईने उरकतात, पण निम्मं यश इथेच आहे. पौषात पाय गार पडतात ते फळी गार असते म्हणून जितकं, तितकंच फटींतून वर घुसणाऱ्या वाऱ्यामुळे. बोळ दोन्हीकडून मोकळा असला की त्यात वाऱ्याचा जोर वाढतो. भर दुपारी गल्लीत पान हलत नसतं तेव्हाही बोळात झुळूक लागते, म्हणून तर म्हातारी माणसं तिथे खाट टाकतात. तोच वारा वर फटी शोधत असतो. तर खालून प्रत्येक फट पाहा. बारीक फटींना अ‍ॅक्रिलिक सीलंट, कारण ते लाकडासोबत थोडं ताणलं जातं. पेन्सिलीपेक्षा रुंद फटीवर लाकडाची पातळ पट्टी, एकाच बाजूच्या फळीला ठोकलेली. दोन्ही फळ्यांना ठोकली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती चिरते. भिंतीच्या कडेला मोठी खिंडारं असतील तिथे आधी जाळीचा बोळा कोंबा, मग पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस. नुसता फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतात. 

आणि गाळ्यांची तोंडं. बऱ्याच घरांत गल्लीकडच्या आणि अंगणाकडच्या शेवटच्या कडीबाहेरच्या गाळ्याची बाजू मोकळी असते. ती बंद केली नाही तर आत कितीही भारी माल भरा, वारा त्यातून आरपार जातो आणि मालाचा उपयोग राहत नाही.

मालात रॉकवूल, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंची लोकर घ्या, 50 मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला 48 किलो घनतेचा स्लॅब, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेला. जळगाव, धुळ्याला कोल्ड स्टोरेजचं आणि डक्टिंगचं काम करणाऱ्यांना विचारलं की मिळतो. ग्लासवूलही चालेल, पण ते लवकर लोंबतं. स्लॅब गाळ्यापेक्षा अर्धा इंच रुंद कापायचा, म्हणजे दोन कड्यांमध्ये दाबून बसतो. तो फळ्यांना खालून पूर्ण चिकटला पाहिजे. स्लॅब आणि फळी यांच्यात बोटभर पोकळी राहिली आणि तिच्यात वारा फिरला, तर तो स्लॅब नुसता टांगून ठेवल्यासारखा आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा घालूनच काम करा. त्याची खाज दोन दिवस जात नाही.

स्लॅब धरून ठेवायला आमच्याकडे बांबूच्या कामट्या वापरतात आणि त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. कामटी गाळ्यापेक्षा अर्धा इंच लांब कापायची, दोन्ही टोकं कड्यांच्या बाजूंना टेकवायची आणि मधोमध अंगठ्याने वर दाबायची. ती टचकन कमान घेऊन बसते आणि स्लॅबला वर रेटून धरते. खिळा नको, तार नको. दर दीड फुटावर एक. फक्त कामट्या आधी बोरॅक्सच्या पाण्यात रात्रभर भिजवून सुकवा, कारण बांबू भुंगेऱ्याला सागापेक्षा जास्त आवडतो.

फॉइल कुठल्या बाजूला, यावर बरेच जण फसतात. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून फॉइल वर, खोलीच्या बाजूला करून लावतात. त्यांच्या देशात ते बरोबरच आहे. तिथे बाहेर बर्फ आणि आत हीटर, त्यामुळे आतली दमट हवा खाली झिरपून गार लाकडावर पाणी धरते आणि म्हणून अडसर उबदार बाजूला, म्हणजे वर लावतात. आपल्याकडे उलटं आहे. आषाढ-श्रावणात बाहेरची हवा दमट असते आणि तुम्ही रात्रभर एसी लावता. हवा 28 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर 24 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर ती पाणी सोडते. एसी 22 वर असेल तर तुमची फळी खालून तेवढी गार होतेच. ती दमट हवा खालून फळीपर्यंत पोचायला नको, म्हणून फॉइल खाली, बोळाच्या बाजूला. कडेने फॉइलची टेप लावून बंद करायची. 

कूलरचं काय, तर उन्हाळ्यात कूलरमुळे खोलीतली हवा दमट होते हे खरं. पण तेव्हा बोळात 40 च्या वर तापमान असतं, त्यामुळे फळीखाली पाणी धरण्याइतकं गार काहीच नसतं. थंडीत आपण खोली तापवत नाही, म्हणून तेव्हाही चिंता नाही. फॉइल खाली लावण्यात एकच तोटा आहे. वरून पाणी सांडलं तर ते फॉइलवर साठतं. त्यासाठी प्रत्येक गाळ्याच्या उताराकडच्या कोपऱ्यात फॉइल आणि खालचा बोर्ड या दोन्हींतून पेन्सिल जाईल एवढं एक भोक ठेवा, त्यात जाळीचा तुकडा बसवा. कधी तिथून थेंब टपकला तर वर गळती आहे हे त्याच दिवशी कळेल.

फॉइलखाली इंचभर मोकळी जागा आणि मग बोर्ड. ही जागा फुकट जात नाही, चकचकीत बाजूपुढे हवा असली तरच ती उष्णता परतवते. बोर्डाला चिकटलेली फॉइल या कामाला निरुपयोगी. कडीच्या दोन्ही बाजूंना एक बाय एकच्या सागाच्या पट्ट्या स्क्रूने मारा, कडीच्या तळापासून दीड-दोन इंच वर, आणि त्या पट्ट्यांना खालून 8 मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड लावा. खिळे ठोकू नका, ठोकाठोकीने वरच्या मातीच्या भिंतीचे पोपडे सुटतात. सागाला आधी ड्रिलने भोक पाडून गंज न धरणारे स्क्रू आवळा. पुढे तपासायला बोर्ड उघडायचा तर चार स्क्रू काढले की झालं. जुन्या कड्या कधीच सरळ नसतात, म्हणून प्रत्येक गाळ्याचा पुठ्ठ्याचा साचा काढून मग बोर्ड कापा. कापायचं अंगणात, पाणी मारत, मास्क लावून. कडेला राहिलेली फट सीलंटने भरा आणि वरून चुन्याचा किंवा साधा बाहेरचा रंग द्या. कडी आणि बोर्ड वेगळे दिसले की बोळ सुंदरही दिसतो, आणि पॅनेलमुळे गेली असती ती चार-पाच इंच उंची तशीच राहते. ज्या बोळातून बैलगाडी किंवा कपाशीचे गाठोडे भरलेला छोटा टेम्पो आत जातो तिथे ही उंची फार महत्त्वाची. 

पीव्हीसी पॅनेल आणि थर्माकोल नको, याचं मुख्य कारण आग. अशा बोळात मोटारसायकली उभ्या असतात, कुणी स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावतं, थंडीत पाण्याचा बंब पेटतो. थर्माकोल पेटला की वितळून जळते थेंब खाली गळतात, पॅनेलचा धूर विषारी असतो, आणि वर खोलीत वडील झोपलेले असतात. रॉकवूल दगडापासून बनतो, जळत नाही. सिमेंट बोर्डही जळत नाही. हे सोडून थर्माकोलमध्ये मुंग्या आणि उंदीर घर करतात ते वेगळंच. जिप्सम बोर्ड बोळात पावसाच्या तुषारांनी फुगतो, तोही नको.

याच कारणाने जुनी वायरिंग आधी बाहेर काढा. कड्यांवर लाकडी पट्टीतून गेलेल्या वायरी रॉकवूलमध्ये गाडल्या तर त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. सगळी लाइन पाइपमधून बोर्डाखाली, दिसेल अशी न्या. जोड एकही आत राहता कामा नये.

काही घरांत कड्यांवर आणि त्यांच्याखालच्या तोड्यांवर नक्षी असते, मोर, पोपट, वेलबुट्टी. तसं असेल तर खालून हातच लावू नका. वरून काम करा. फळ्यांच्या फटी बंद करून त्यावर 25 ते 30 मिलिमीटरचा एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा, पण कडक) बोर्ड, त्यावर 12 मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड किंवा चांगला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याने न सुटणारा प्लाय, आणि वर सतरंजी किंवा विनाइल. दाराचा उंबरा आणि जिन्याची शेवटची पायरी यांत दीड-दोन इंचांचा फरक पडतो, तो आधी मोजा. वयस्कर माणूस अर्ध्या इंचाच्या अनपेक्षित पायरीलाही अडखळतो. एक्सपीएस जळणारा आहे, पण इथे तो फळ्या आणि बोर्ड यांच्या मध्ये बंद राहतो.

मात्र वरून करायचं म्हणून कोबा करून फरशी बसवू नका. दोन इंचाचं काँक्रीट चौरस मीटरला 120 किलो भरतं, तुमच्या खोलीत तेराशे किलोच्या वर. वाकलेल्या कड्यांवर एवढं वजन टाकायला कुठला इंजिनिअर हो म्हणणार नाही, आणि काँक्रीटने ऊब वा गारवा काहीच अडत नाही.

शेवटचं, बोळाची एक भिंत शेजाऱ्यांची असेल तर कड्यांची टोकं त्यांच्या भिंतीत गेलेली असतात. चॅनेल बसवायचा, औषधाला भोकं पाडायची, तर आधी त्यांना दाखवून लेखी संमती घ्या. बोळ वहिवाटीचा असेल तर नगरपालिकेत एक अर्ज देऊन ठेवा. गाळ्यांच्या आत राहून केलेल्या कामाला सहसा कुणी हरकत घेत नाही, कारण बोळाची उंची कमी होत नाही.